रंगनाथरावांचा सर्व्हर

रंगनाथराव बैठकीतून उठून चालायला लागले, तेव्हा मधुवंतीचं वाक्य अर्ध्यातच होतं. फळ्यावर लिहिलेल्या ओळीची शाईसुद्धा अजून वाळली नव्हती.

"रंगनाथराव, मी बोलतेय!"

"आलोच मॅडम, पाच मिनटात," ते दारातूनच म्हणाले आणि गेले. जाताना घड्याळाकडे बघत गेले, ते तिला जास्त झोंबलं.

समोर उरला भागवत. तो खात्यातला धाकटा माणूस. वरिष्ठ उठून गेल्यावर आपण बसावं की उठावं, हे न कळल्यानं तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

परभणीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात मधुवंती संगणक विभागाची प्रमुख म्हणून उन्हाळ्यात रुजू झाली होती. त्याआधी पुण्यातल्या एका कंपनीत तिनं दहा वर्षं सर्व्हर सांभाळले होते. नवऱ्याला कृषी विद्यापीठात नोकरी लागली आणि ती आपल्या माहेरच्या गावी परत आली. दवाखान्याची झरीला आणि देवगाव फाट्याला लहान केंद्रं होती. तिथं सकाळी रक्त घ्यायचं, मोटारसायकलीवरून परभणीच्या प्रयोगशाळेत आणायचं, इथं तपासायचं आणि निकाल सर्व्हरवर चढवायचा. सर्व्हर म्हणजे सगळे निकाल एका जागी ठेवणारा तो मोठा संगणक. त्यावरून झरीच्या डॉक्टरला झरीतच निकाल दिसायचा. व्यवस्था चांगली होती. फक्त सर्व्हर दिवसातून कितीतरी वेळा मान टाकायचा. "पाच मिनटं थांबा, सर्व्हर चालू व्हायलाय," हे वाक्य खिडकीवरच्या मुलींच्या तोंडी इतकं बसलं होतं, की पेशंटही आता आपणहून बाकावर जाऊन बसायचे.

मधुवंतीला उपाय ठाऊक होता. सर्व्हर विंडोजवर होता, तो लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीवर न्यायचा. निकालांचं सॉफ्टवेअर लिनक्सवरही चालतं, असं ते बनवणाऱ्यांनीच तिला कळवलं होतं. लिनक्सला परवाना विकत घ्यावा लागत नाही, कुठलीही जुनी मशीन त्याला पुरते, आणि मधेच 'मी बंद होतो' म्हणून ते अडून बसत नाही. फक्त ते माउसनं नाही, काळ्या पडद्यावर ओळी टाइप करून चालवायचं. अडगळीतली एक मशीन पुसून तिनं त्यावर सगळं उभंही केलं होतं. अडलं होतं ते रंगनाथरावांपाशी. खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याकडे, खोलीची किल्लीही त्यांच्याकडे. मागितली की म्हणायचे, "सचिवसाहेबांना विचारा." सचिव किशनरावांना विचारलं की ते म्हणायचे, "ते रंगनाथ बघतो."

रंगनाथराव पाचच मिनिटांत परत आले. बसले. फळ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्या काळ्या पडद्यावर इंग्रजी टाइप करत बसायचं आन एक अक्षर चुकलं की सगळा खुर्दा. इथं कसं, समोर दिसतंय, दाबायचं, झालं. चालू हाय ना? मग कशाला हात लावायलाव?"

"चालू आहे? सकाळपासून तीनदा बंद पडला!"

"अपडेट असतंय ते."

"रोज? तासातासाला?" मधुवंतीचा आवाज चढला. "मला समजतं हो. नवीन काही शिकायचं जिवावर येतंय. पण नुसता माउस हलवायला कुणीही चालतं, रंगनाथराव. त्यासाठी पगार देऊन माणूस ठेवावा लागत नाही!"

भागवतच्या हातातलं टोपण पडलं. रंगनाथरावांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. वीस वर्षांपूर्वी या दवाखान्यात पहिला संगणक खोक्यातून त्यांनी बाहेर काढला होता. ते खुर्ची मागं सारून निघून गेले, आणि या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

त्यानंतर दोघांमध्ये बोलणं राहिलं ते कामापुरतं. तेही भागवतच्या मार्फत.

भाद्रपद लागला आणि तापाची साथ आली. प्रयोगशाळेत नळ्यांचे ट्रे एकावर एक रचले जाऊ लागले. त्याच गर्दीत रंगनाथरावांनी एका दिवसाची रजा टाकली. पुतणीची सुपारी फुटायची होती देवगाव फाट्याला, आणि भाऊ वारल्यापासून पोरीचा बाप तेच होते. मधुवंतीनं अर्जावर सही केली ती वर न बघता. जाता जाता त्यांनी भागवतला बाजूला घेऊन काहीतरी सांगितल्याचं तिला दिसलं, पण तिनं विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं तिला.

त्या दिवशी दुपारी झरीहून फोन आला.

"मॅडम, मी झरीहून धम्मशीला बोलायले." धम्मशीला ही केंद्रावरची परिचारिका. एरवी शांत बाई, पण आता तिला धाप लागली होती. "सविताबाईचा रिपोर्ट दिसंना गेलाय. सातवा महिना हाय तिचा. चार दिवसांपासून ताप. सकाळी पहिल्या खेपेलाच नळी पाठवली. डॉक्टर म्हणालेत, प्लेटलेट बघून ठरवू. आन आता तिच्या हिरड्यांतून रक्त यायलंय."

"तपासणी झाली नसेल अजून. बघते."

ती जिना उतरून प्रयोगशाळेत गेली. यंत्रापुढची मुलगी म्हणाली, "झालाय की. अकराच्या आधीच झाला. मी पाठवला."

"झरीला दिसत नाही."

"मी पाठवला मॅडम. मग दुसरी नळी घेतली." आणि मुलीनं पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. निकाल यंत्रातून निघाले होते आणि दारातच अडकले होते. सर्व्हर बंद होता. इथं वाटत होतं निकाल गेला, झरीला वाटत होतं तपासणी व्हायचीय, आणि दोन्हीकडे लोकांना सर्व्हर बंद पडायची इतकी सवय झालेली की कुणाला काही वावगं वाटलंच नव्हतं.

मधुवंतीनं यंत्रावरचा आकडा वाचला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट दीड लाखांऐवजी वीस हजारांच्याही खाली होत्या. तिनं तिथूनच फोन लावला.

"धम्मशीला, गाडी करा. आत्ता. मी इथं रक्तपेढीला सांगते. आत्ता निघा!"

मग ती सर्व्हरच्या खोलीकडे धावली. दाराला कुलूप. भागवत दारापाशीच उभा होता, घामाघूम.

"किल्ली कुठाय?"

"मला सांगून गेलते ते, की तासाला... मी खाली पावत्यांचा प्रिंटर दुरुस्त करत बसलो मॅडम. ध्यानातून गेलं. आन आता किल्ली सापडंना झाली."

"तासाला काय?"

भागवतनं पुन्हा खिसे चाचपले. मधुवंतीनं वॉचमनला हाक मारली आणि हातोडीनं कुलूप तोडायला लावलं. आत जाऊन तिनं बटण दाबलं. पडदा उजळला. रंगनाथरावांनी सांगून ठेवलेला पासवर्ड भागवतनं टाकला. उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते तिनं दोनदा वाचलं. चाचणीची मुदत संपली होती. ही विकत घेतलेली प्रत नव्हतीच. वापरून बघा, पटलं तर घ्या, म्हणून कंपनी काही महिन्यांसाठी फुकट देते ती नमुन्याची प्रत होती. मुदत संपली की ती दर तासाला आपोआप बंद पडते. कंपनीनं तशीच बनवलेली असते.

सगळ्या जिल्ह्याचं रक्त या नमुन्याच्या प्रतीवर चाललं होतं.

सविताला आणलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. सोबत सासू होती, दगडाबाई, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेली, सुनेचं डोकं मांडीवर धरून बसलेली. रक्तपेढीतून पिशव्या वर गेल्या. डॉक्टर धावले. सविता वाचली. पोटातलं लेकरू वाचलं नाही. चार तास आधी आणली असती तर वाचलं असतं, असं कुणी डॉक्टर लिहून देणार नव्हता. वाचलं नसतं, असंही लिहून देणार नव्हता.

भागवतचा फोन गेल्यावर रंगनाथराव आले ते सुपारीच्या मांडवातून थेट. अंगावर कोरा सदरा, कपाळावर गंध, त्यावर अक्षत चिकटलेली. सर्व्हरच्या खोलीचं तुटकं कुलूप त्यांनी पाहिलं. मधुवंती आत, त्यांच्याच खुर्चीत बसली होती.

"मुदत कधी संपली?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक होता की भागवत मागे सरकला.

"मॅडम, बाई कशी हाय?"

"मी विचारते ते सांगा. कधी संपली?"

"गेल्या दिवाळीच्या आधी." रंगनाथराव भिंतीला टेकले. "त्याच्या आधी दोन-अडीच वर्षं मी ढकलत आणलं. नांदेडच्या एका दोस्तानं सांगितलं व्हतं, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, म्हंजे नवी मुदत मिळते. मग ते बी चालंना झालं. तवापासून तासाला पडतंय. पडायच्या आत मीच बंद करून चालू करतो, गर्दी नसंल तवा. जेवण इथंच. ल्योक तापानं फणफणला व्हता तरी रजा न्हाई घेतली."

"आणि मला सांगितलं नाही." मधुवंती उठली. "मी तुमच्यापुढं उन्हाळ्यापासून घसा कोरडा करतेय! फळ्यावर लिहितेय! तुम्ही घड्याळ बघून उठून जाताय! एक शब्द, रंगनाथराव, एक शब्द बोलला असतात तर आज ती बाई..."

"विचारलं कवा तुमी?"

रंगनाथराव भिंतीपासून पुढं आले.

"तुमी आल्या तवापासून मला शिकवायलाव," रंगनाथराव म्हणाले, आणि आता त्यांचाही आवाज फाटला. "हे चांगलं, ते चांगलं, लिनक्स असं, लिनक्स तसं. रंगनाथ, तू कुठं जातो, काहून जातो, हे विचारलं एकदा तरी? या पोरासमोर म्हणल्या, माउस हलवणारा माणूस! तुमाला सांगून काय व्हणार व्हतं? गेलं असतं किशनरावांकडं, त्यांनी मलाच धरलं असतं. मी तीनदा गेलो त्यांच्याकडं, म्हणलं परवाना घ्या. म्हणले, चालतंय तोवर चालव, आन बोभाटा केलास तर तुझ्याच अंगावर येईल. मला दुसरी नोकरी कोण देणार या वयात?"

मधुवंतीला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की तो माणूस म्हणतोय त्यातला एकही शब्द तिला खोडता येणार नाही. त्यानं राग कमी झाला नाही. उलट वाढला. फक्त आता तो नेमका कुठं टाकावा हे तिला समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनरावांनी तिघांना बोलावलं. सचिवांच्या खोलीत नवा एसी होता आणि टेबलावर पेढ्यांचा पुडा. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवलेल्या नव्या स्वागतकक्षाचं आदल्याच आठवड्यात उद्घाटन झालं होतं.

"मधुवंतीताई, झालं ते वाईट झालं," किशनराव म्हणाले. "पण दवाखाना आहे, जन्म-मृत्यू चालायचंच. रंगनाथची चूक आहे, त्याला निलंबित करू. तुमी तसं लिहून द्या. आन बाकी, तो भागवत म्हणतो, इंटरनेटवर एक फुकट चावी मिळते. ती टाकली की मुदतबिदत काही राहत नाही. आजच टाकून घ्या."

मधुवंतीनं भागवतकडे बघितलं. भागवतनं जमिनीकडे.

"चोरीची चावी," ती म्हणाली. "कुणी बनवली, आत काय भरलंय, कुणाला माहीत नाही. ती टाकली की उद्या कुणीतरी कुठूनतरी सगळे निकाल कुलूपबंद करून ठेवील आणि खंडणी मागेल. पेशंट मग काय करतील, पेढे खातील?"

"आवाज खाली, ताई."

"साहेब, फुकटच हवंय ना तुम्हाला? मग जे खरंच फुकट आहे ते घ्या. बनवणाऱ्यांनी राजीखुशीनं फुकट दिलंय. अडगळीत मशीन तयार आहे माझी."

किशनराव हसले. "फुकटची वस्तू फुकटच्याच लायकीची असते. एवढं चांगलं असतं तर सगळ्यांनी घेतलं नसतं? आन चालवणार कोण? तुमी उद्या पुण्याला परत गेलात की? रंगनाथला तर ते येत नाही. त्यानंच मला सांगितलंय, ते इथं चालायचं नाही म्हणून."

"सांगितलं व्हतं," रंगनाथराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावरचं गंध त्यांनी पुसलं होतं, पण खुणेची लाली तशीच होती.

"मला ते न्हाई येत. या मॅडमचा आन माझा छत्तीसचा आकडा हाय. पण तासाला उठून बटण दाबायचं काम आता मी करणार न्हाई, आन चोरीची चावी बी टाकणार न्हाई. निलंबित करायचं तर करा साहेब. कागदावर कारण काय लिहायचं ते बी मी सांगतो. परवाना नव्हता, ते सचिवांना माहीत व्हतं, असं लिहा."

किशनरावांचा चेहरा पडला. त्यांनी पेढ्याचा पुडा बंद केला आणि म्हणाले, "करा काय करायचं ते. पण पुन्हा बंद पडलं तर दोघंही घरी."

काम त्याच दिवशी सुरू झालं, आणि ते सोपं अजिबात नव्हतं. रंगनाथराव काळ्या पडद्यापुढे बसले ते विंचवाच्या बिळात हात घालायला सांगितल्यासारखे. पहिल्याच पावलाला अडले.

"पासवर्ड टाइपच होईना गेलाय!"

"होतोय. दिसत नाही फक्त. लिनक्स पासवर्ड टाइप करताना काही दाखवत नाही."

"मग माणसानं कसं समजायचं?"

"विश्वास ठेवायचा."

"कुणावर?" त्यांनी विचारलं, आणि पासवर्ड परत पहिल्यापासून टाइप केला.

मोठं अक्षर, लहान अक्षर, मधली मोकळी जागा. एक टिंब चुकलं की मशीन इंग्रजीत खेकसायची आणि रंगनाथराव मराठीत. एकदा त्यांनी भलत्याच ठिकाणी कमांड मारली आणि अर्ध्या दिवसाचं काम पुसलं गेलं. मधुवंतीच्या ओठांवर आलं होतं, 'डोळे कुठं असतात?' तिनं ते गिळलं, आणि गिळताना तिला खरोखर त्रास झाला.

"मला हे जमायचं न्हाई," रंगनाथरावांनी कीबोर्ड ढकलला. "पन्नाशी आली माझी."

"अडीच वर्षं हा दवाखाना तुम्ही टाइप केलेल्या एका ओळीवर चालला," ती चिडून म्हणाली. "काळ्या खिडकीत. तेव्हा पन्नाशी आडवी आली नाही? ती ओळ काय करते हेसुद्धा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. इथं निदान विचारायला मी आहे. विचारा!"

रंगनाथरावांनी कीबोर्ड पुढं ओढला.

"ही ओळ काय करते?" त्यांनी बोट ठेवलं.

तिनं सांगितलं. मग पुढची. मग त्याच्या पुढची. आणि पहिल्यांदाच तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. बाजूच्या स्टुलावर बसून राहिली, त्यांनी विचारलं तेवढंच सांगत.

तिचंही एक गणित चुकलं. प्रयोगशाळेतलं यंत्र नव्या सर्व्हरशी बोलायलाच तयार होईना. दीड दिवस ती झटली. शेवटी रंगनाथराव म्हणाले, "मॅडम, त्या यंत्राला विंडोजच लागतंय. त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर येतच न्हाई. हे मी पैल्याच बैठकीत सांगणार व्हतो." त्यांनी मधे एक जुना विंडोजचा पीसी ठेवला, मशीनसोबतच रीतसर परवाना विकत घेतलेला. यंत्र त्याच्याशी बोलायचं आणि तो निकाल पुढं लिनक्सकडे सरकवायचा. पगाराचं सॉफ्टवेअरही विंडोजवरच राहिलं. मधुवंतीला ते आवडलं नाही, पण चाललं.

सर्व्हर बदलला त्या सकाळी रंगनाथराव एकदाही उठले नाहीत. दुपारी खिडकीवरची मुलगी वर आली. "सर, आज पाच मिनटं थांबा म्हणायचं काम पडलं न्हाई," म्हणाली आणि गेली. रंगनाथरावांनी चहा मागवला. मधुवंतीसाठीही मागवला, पण तिला न विचारता, साखरेचा. ती बिनसाखरेचा प्यायची. तिनं तो प्यायला.

सविताला घरी सोडायचं होतं, त्या दिवशी दगडाबाई नव्या स्वागतकक्षात उभी राहून ओरडत होती.

"कोन हाय इथला मालक? बोलवा त्याला! सकाळी रगत दिलं, दुपारी कळालं. का? तुमचं डबडं बंद पडलं म्हून आमच्या लेकरानं मरावं का?"

किशनराव खाली आले. हात जोडले, आवाजात साखर घोळली. "मावशी, ऐका. रस्त्याचं काम चालू होतं ना, जेसीबीनं केबल तोडली. इंटरनेट बंद पडलं. त्यात आमचा काय इलाज? निसर्गापुढं..."

मधुवंती जिन्यात होती. मागं रंगनाथराव. केबल हा शब्द तिनं ऐकला आणि तिच्या कानशिलात काहीतरी तडकलं. दहा वर्षं पुण्यात घासून गुळगुळीत केलेली तिची भाषा त्या क्षणी गळून पडली.

"केबल तुटली नव्हती, मावशी!" ती जिन्यातूनच ओरडली. "हे खोटं बोलायलेत. सर्व्हर बंद होता. परवाना नव्हता म्हणून दर तासाला बंद पडायचा. हे सगळं यांना माहीत होतं, वर्षभर माहीत होतं. आन मी इथली प्रमुख, मला माहीत असायला पायजे होतं. नव्हतं. ती माझी चूक."

बाकावरची माणसं उठून उभी राहिली. किशनरावांचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले.

रंगनाथराव तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. "खरं हाय, दगडाबाई. मशीन माझ्या हाताखाली व्हती. मला समदं माहीत व्हतं."

दगडाबाईनं दोघांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कणव नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं.

"माहीत व्हतं," ती म्हणाली. "समद्यांना माहीत व्हतं. आन आमाला कुनी सांगितलं न्हाई." तिनं सुनेचा दंड धरला. "हे जे आता बोल्लेत ना, ते साहेबापुढं बोलाल का? कलेक्टरापुढं?"

"बोलू," मधुवंती म्हणाली.

"मंग बोला. रडत बसू नका इथं."

मधुवंती रडत नव्हती. पण म्हातारीला ते तसंच दिसलं, आणि तिनं खोडून काढलं नाही.

दगडाबाईनं तक्रार केली. झरीचे चार लोक घेऊन ती जिल्ह्याच्या कचेरीत बसली आणि साहेब भेटल्याशिवाय उठली नाही. चौकशी लागली. मधुवंतीचा जबाब झाला, रंगनाथरावांचा झाला, धम्मशीलानं तर फोनच्या वेळा सांगितल्या. चौकशी अजून चालूच आहे. किशनराव अजून सचिवच आहेत, एसीही तसाच आहे. रंगनाथरावांची पगारवाढ रोखली गेली. आणि मधुवंतीची बदली झाली देवगाव फाट्याच्या केंद्रावर. 'स्थानिक कामकाजावर देखरेखीसाठी,' असं आदेशात होतं. दोन खोल्या, एक पंखा, बाहेर रसवंती आणि एसटीची वाट बघणारी माणसं. संगणक विभागाच्या प्रमुखानं तिथं काय करावं, हे किशनरावांनी मुद्दामच ठरवलेलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी तिनं केंद्रातला जुना संगणक उघडला, काळा पडदा आणला, दोन ओळी टाइप केल्या आणि परभणीच्या सर्व्हरमध्ये जाऊन बसली. साठ-सत्तर किलोमीटरवरून. लिनक्सला त्यासाठी खोलीची किल्ली लागत नाही, खुर्ची लागत नाही आणि सचिवाची परवानगीही लागत नाही. आदल्या दिवसाची नोंद तिनं चाळली आणि फोन उचलला.

"रंगनाथराव, निकालांची राखीव प्रत काल ठरल्या वेळी दुसऱ्या मशीनवर गेलीच नाही. तुम्ही वेळ बदललीत?"

"बदलली," पलीकडून आवाज आला. "पैली वेळ चुकीची व्हती. त्या वेळेला प्रयोगशाळेची गर्दी असते. ते तुमाला तिथं बसून दिसायचं न्हाई."

"मग मला विचारायचं होतं!"

"तुमी तरी मला विचारून ठेवली व्हती का पैली वेळ?"

मधुवंतीनं फोन कानापासून दूर धरला, मोठा श्वास घेतला आणि परत कानाला लावला.

"बरं. किती वाजता गर्दी नसते? सांगा, ती वेळेची ओळ मी नीट लिहिते."

"तुमी नका लिहू," रंगनाथराव म्हणाले. "मी लिहितो. तुमी तिथून बघा फक्त, आन चुकलं तर मगच बोला."

लिनक्समध्ये दोघांना एकच पडदा बघता येतो, तसा तिनं उघडला. त्यावर, तिनं एकाही कळीला हात न लावता, रंगनाथरावांची अक्षरं उमटायला लागली. हळू, अडखळत. एक अक्षर चुकलं, पुसलं गेलं, परत आलं. तिला ते चुकलेलं अक्षर सांगायची अनिवार ऊर्मी आली. तिनं दात आवळले आणि ओळ पूर्ण व्हायची वाट बघत बसली.